इंग्लंडला फॅशन बाइंग-मर्चंडायझिंग शिकायचंय: अर्ज, फी आणि बाबांचं खातं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीत बारावी कॉमर्सला आहेस, घरी यंत्रमाग आहेत, पुढच्या वर्षी इंग्लंडला डिझाइन आणि मर्चंडायझिंगची पदवी करायची आहे. एजंट म्हणतो, "पहिल्या वर्षाचे पैसे दाखवा, बाकी तिथे पोरगी कमावते." बाबा विचारतायत, हे खरं का? मी सोलापूरची, हीच पदवी मँचेस्टरला केली आणि आता इथेच एका कपड्यांच्या ब्रँडमध्ये मर्चंडायझिंगला आहे. बाबांना सांग, खरं नाही.

पैशांपासूनच सुरुवात करते, घरात वाद त्यावरच होणार. परदेशी विद्यार्थ्यांना या विषयाची फी विद्यापीठानुसार वर्षाला साधारण १८ ते ३० हजार पौंड पडते. आपण २० हजार धरू, म्हणजे तीन वर्षांचे ६० हजार. खोली, जेवण, बस, वरखर्च मिळून मँचेस्टरमध्ये वर्ष १२ हजारांत निघालं तर नशीब समज, ते आणखी ३६ हजार. व्हिसाची फी पाचशेच्या वर. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा एकदम घेतात. तीन वर्षांच्या पदवीला व्हिसा तीन वर्षांहून थोडा जास्त मिळतो, म्हणून हिशेब साडेतीन वर्षांचा होतो: २,७१६ पौंड. विमानाचं तिकीट, लॅपटॉप, थंडीचे कपडे धरलेस की आकडा लाखाला टेकतो. एक लाख पौंड. पौंड १२० रुपये धरला तर एक कोटी वीस लाख. २०२३च्या सुरुवातीला पौंड शंभराच्या आसपास होता, तेव्हा हेच एका कोटीत बसलं असतं. त्यामुळे फी बघताना दोन गोष्टी विद्यापीठाला ईमेल करून विचार: माझी फी तिन्ही वर्षं तीच राहणार की दरवर्षी वाढणार, आणि किती हप्त्यांत भरता येईल?

आता 'तिथे कमावते'चं. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. २०२६च्या एप्रिलपासून किमान वेतन २१ वर्षांवरच्यांना तासाला १२.७१ पौंड आहे, पण १८ ते २० वयाला १०.८५. तू अठराची. रोज काम मिळालं असं धरलं तरी आठवड्याला २१७ पौंड, त्यात खोलीभाडं आणि भाजी निघते, फी नाही. आणि हे नीट लक्षात ठेव, कारण डिझाइनची मुलं इथेच फसतात: विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी आहे. ओळखीच्या बाईला ब्लाउज शिवून देऊन पैसे घेणं, इन्स्टाग्रामवर टोट बॅगा विकणं, फ्रीलान्स लोगो करून देणं, सगळं त्यात आलं.

कोर्स कुठला घ्यायचा? तुझ्या पत्रात डिझाइन आणि मर्चंडायझिंग एका दमात आलंय, पण इथे ती दोन वेगळी दारं आहेत. डिझाइनला पोर्टफोलिओ लागतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची 'ए' ग्रेड घरच्यांना दाखवायला छान, पण इथे पक्कं चित्र कमी आणि त्यामागची वही जास्त बघतात: कुठून सुचलं, काय जमलं नाही, मग काय बदललंस. तुमच्या शेडमधून सुरुवात कर. सायझिंगहून (ताण्याच्या सुताला खळ लावून) आलेलं बीम, वहिफणी करणाऱ्या, म्हणजे ताण्याचे धागे ओवणाऱ्या माणसाची बोटं, कापडात राहिलेला दोष आणि तो का राहिला याचं त्याने सांगितलेलं कारण. असे फोटो, चिंध्या, नोंदी लंडनच्या मुलीकडे नसतात.

बाइंग-मर्चंडायझिंगच्या पदवीला बहुतेक ठिकाणी पोर्टफोलिओ मागत नाहीत, आणि तू कॉमर्सची आहेस. मात्र काम काय असतं ते आधी समजून घे. आपल्याकडे तिरुपूरच्या एक्स्पोर्ट हाउसमधला मर्चंडायझर बायर आणि फॅक्टरीच्या मध्ये पळत असतो: सॅम्पल, कॉस्टिंग, लॅब डिप (रंगाचा कापडी नमुना), शिपमेंटची तारीख. इथल्या ब्रँडमध्ये आम्ही दिवसभर एक्सेलमध्ये असतो. सोमवारी सकाळी गेल्या आठवड्याची विक्री, शिल्लक आणि येणारा माल समोर येतो. काळी लिनन पँट, १२ आणि १४ साइझ संपलेली, ६ आणि १८ पडून, पुढचा माल अजून बोटीवर. आता पडून असलेल्यावर सूट द्यायची की थांबायचं, आणि बोटीवरचा माल उतरल्यावर कुठल्या दुकानाला किती पाठवायचा, हे दुपारच्या मीटिंगआधी सांगायचं असतं. हे वाचून कंटाळा आला असेल तर डिझाइनला जा. मजा वाटली असेल तर पुढचं वाच.

मँचेस्टर विद्यापीठात फॅशन बाइंग अँड मर्चंडायझिंग मटेरियल्स विभागात शिकवतात, त्यामुळे कापडाचं शास्त्र चांगलं होतं. मँचेस्टर मेट्रोपॉलिटनची फॅशन इन्स्टिट्यूट आहे. लेस्टरला डी मॉन्टफर्टमध्ये फॅशन बाइंग आहे, आणि 'नेक्स्ट'चं मुख्यालय तिथून जवळच एंडर्बीला. लंडन कॉलेज ऑफ फॅशनचं नाव मोठं, पण लंडनचा खर्चही तसाच. माझं मत विचारशील तर नावापेक्षा एकच गोष्ट बघ: मध्ये एक वर्ष कंपनीत काम करायची सोय, म्हणजे प्लेसमेंट इयर, आहे का. त्या वर्षी फी बरीच कमी असते, पगार बहुधा मिळतो आणि पहिली नोकरी बऱ्याचदा त्यातूनच लागते. व्हिसा आणि अधिभार त्या वर्षासह हवेत, म्हणून अर्ज करतानाच चार वर्षांचा कोर्स निवड.

(इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ना? इथल्या जुन्या कापूस बाजारात, रॉयल एक्स्चेंजमध्ये, आता नाटकं होतात. १९६८च्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून फलकावर आहेत. बाबा आले की दाखवू.)

अर्ज यूकॅसवरून, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश-संकेतस्थळावरून जातो. एकाच अर्जात पाच कोर्स, फी तीस पौंडांच्या आत. जानेवारीच्या मध्याची मुदत पाळ, नंतरही अर्ज घेतात पण चांगल्या जागा भरलेल्या असतात. स्वतःबद्दलचं निवेदन आता तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, अभ्यासाने काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. 'लहानपणापासून फॅशनची आवड' लिहू नकोस. बाबा खर्चीवर (दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून) माग चालवतात की सूत स्वतः घेतात, आणि सुताचा भाव वाढला की त्यांचं काय होतं, हे लिही. इथल्या प्राध्यापकांना ते वाचायला आवडेल.

ज्युनियर कॉलेजला दोन गोष्टी माग: शिक्षकांचं शिफारसपत्र आणि बारावीच्या अपेक्षित गुणांचं पत्र. कारकून म्हणतील, असं काही नसतं. प्राचार्यांना भेट. राज्य मंडळाला बरीच विद्यापीठं सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात, ते कोर्सच्या पानावर बघ. इंग्रजीचे बारावीचे गुण आयईएलटीएसऐवजी चालतील का, तेही ईमेलवर विचार, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नकोस. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून तो कमिशन देणाऱ्या विद्यापीठांचीच नावं घेणार. आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिही. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं असतं. हा क्रम अर्जात आणि बँकेत बदलला की महिनाभर स्पष्टीकरणं देत बसावं लागतं.

ऑफर पक्की केली, अनामत भरली की विद्यापीठ 'कॅस' देतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारी प्रवेशाची खात्री, मग व्हिसा. पैसे 'दाखवणं' इथे येतं. पहिल्या वर्षाची उरलेली फी, आणि राहण्याखाण्याचे लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड प्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ (लंडनला १३,७६१, हे दर २०२५च्या नोव्हेंबरपासून). ही रक्कम सलग २८ दिवस तुझ्या किंवा आई-बाबांच्या खात्यात हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाबांची सीसी (धंद्यासाठीची कॅश-क्रेडिट) लिमिट चालत नाही, ती उधारीच. काकांच्या खात्यातले पैसेही चालत नाहीत, एकत्र कुटुंब असलं तरी. काका देणार असतील तर ते आधीच बाबांच्या खात्यात येऊ देत. आई-बाबांचं खातं दाखवलंस तर तुझा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोड. एजंटने 'आम्ही बॅलन्स लावून देतो' म्हटलं तर तिथूनच उठ. खोटी कागदपत्रं सापडली तर दहा वर्षं इंग्लंड बंद. टीबीची तपासणीही ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच करायची, घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही.

कर्ज घ्यायचं असेल तर सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं. शेतीचा सात-बारा बहुतेक बँका घेत नाहीत. फ्लॅट, एनए प्लॉट, एफडी घेतात. बँकेच्या कर्जातून फी पाठवली तर २०२५च्या एप्रिलपासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांवरही आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत नाही, त्याहून जास्त रकमेवर कापतात आणि तो विवरणपत्रात परत मिळतो. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. फी बँकेतून किंवा विद्यापीठाच्याच पोर्टलवरून भर. 'मी कमी दरात भरून देतो' म्हणणारे इथे विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

आणि नोकरी. पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पण २०२७च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच. त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करायला हवं, आणि नव्याने लागलेल्यांनाही साधारण ३३,४०० पौंड पगार लागतो. मर्चंडायझिंगची पहिली नोकरी पंचवीस-सत्तावीस हजारांची असते. म्हणून शेड तारण ठेवून, 'पोरगी पौंडात फेडेल' या भरवशावर बाबांनी सही करू नये असं मला वाटतं. कर्ज इचलकरंजीच्या उत्पन्नातून फिटत असेल तर खुशाल ये.

नसेल तर दुसरा रस्ता आहे. पदवी खारघरच्या निफ्टमध्ये (केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेत) कर, मग इथे एका वर्षाचं मास्टर्स. फी एकाच वर्षाची, आणि ग्रॅज्युएट व्हिसा तेवढ्याच महिन्यांचा. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीला पात्र असशील, तर तीही पदव्युत्तर आणि पीएचडीलाच मिळते, पदवीला नाही.

बाबांना हे वाचायला दे आणि त्यांना काही विचारायचं असेल तर रविवारी व्हिडिओ कॉल करू. तुझं निवेदन आधी मराठीत लिहिलंस तरी चालेल, पाठव, बघून सांगते.