जुन्या बाजारातल्या आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंनी घर कसं सजवावं? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की घर भाड्याचं आहे, तीन-चार हजारांत बसवायचंय, आणि व्हिडिओ बघून केलेल्या सुतळी गुंडाळलेल्या बाटल्या व सीडींचं झुंबर दोन्ही सहा महिन्यांत कचऱ्यात गेलं. गेलं ते बरं झालं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनीच आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड केलेत. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणताना सगळा जीव त्या ‘टाकाऊ’वर असतो, ‘टिकाऊ’कडे कोणी बघत नाही. ग्लूगनचा गोंद एप्रिलच्या उन्हात मऊ पडतो. सुतळीवर बसलेली धूळ धुता येत नाही, पुसताही येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मूळ वस्तूच टिकाऊ शोधा. सागवान, पितळ, जाड सुती कापड, भाजलेली माती, चिनी माती. यांना आपण फारसं काही करायचं नसतं. स्वच्छ करायची, मोडली असेल तर जोडायची, आणि घरात एक काम नेमून द्यायचं. काम नसलेली सुंदर वस्तू तिसऱ्या महिन्यात माळ्यावर जाते, हा माझ्या घरचा अनुभव.

हे शहाणपण मला आजीच्या पाटाने शिकवलं. सागवानी पाट, चारी कोपऱ्यांत पितळी फुल्या. मी त्याला पांढरा ऑइलपेंट फासला आणि वर पेपर नॅपकिनमधले गुलाब चिकटवले. आई बघून काही बोलली नाही, यावरून काय ते समजा. पुढे दोन वर्षांनी पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश आणि दोन अख्खे रविवार घालवून तो रंग काढला. फुल्यांच्या कडेच्या खाचांत अजून पांढरं आहेच. तेव्हापासून सागवानावर रंग लावायचा नाही.

लाकूड घेताना ते उलटं करून बघा. बारीक भोकं असली तरी घाबरू नका. ती जुनी असू शकतात. वस्तू काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. ताजी पिवळसर पूड पडली तर किडा अजून आत जिवंत आहे, तेव्हा ती वस्तू घरातल्या बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवून आधी औषध भरा. आणि आधीच रंगवलेलं जुनं लाकूड कोरडं घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांसाठी शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर वॉटरपेपर (पाण्यात चालणारा पॉलिशपेपर) ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, घरात लहान मूल असेल तर हे काम सरळ कारागिराकडे द्या.

साफ झालेल्या लाकडाला मी चपडा लावते. लाखेचे हे पापुद्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, सकाळी गाळायचे आणि मलमलीत कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने पातळ-पातळ हात मारायचे. एकच जाड हात मारला की चिकट होतं. मात्र चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं, त्यामुळे टीपॉय करणार असाल तर त्याला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच बरं.

आता बाजार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ जुना बाजार भरतो. मुंबईत असाल तर फर्निचरसाठी ओशिवरा आणि बारीकसारीक वस्तूंसाठी चोर बाजार. जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला झटकन चिकटतं. मुळात दुकानदार ‘अँटिक’ म्हणाला की भाव दुप्पट होतो, चुंबक काढला की अर्धा होतो. माझं पहिलं पितळी घंगाळ मात्र चुंबक न लावताच घेतलं होतं. ते लोखंडी निघालं, आता बाल्कनीत गंजतंय, आत पुदिना लावलाय.

पितळ चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासा, पण आरशासारखं चमकवायचा अट्टहास नको. खोलगट जागी थोडा काळेपणा राहिला तरच नक्षी उठून दिसते. घासून झाल्यावर लगेच कोरडं पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग. शोभेच्या भांड्याला कल्हईची गरज नाही. त्यात आंबट काही ठेवणार असाल तरच कल्हई. भांडं भोक पाडून छताला दिवा म्हणून टांगायचं असेल तर एलईडी बल्बच लावा, तीन तारांची वायर घ्या आणि हिरवी तार भांड्याच्या धातूला जोडून घ्या. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इथे हौस नको.

माझा खरा जीव कापडात. पूर्वी दारावर बोहारीण यायची, चार साड्या देऊन एक स्टीलचा डबा घ्यायचा. आता आमच्या गल्लीत ती दिसत नाही आणि साड्या कपाटात साठत जातात. साडी कापण्याआधी उजेडासमोर धरा. बसताना जिथे ताण येतो तो मधला भाग आणि खालची कड आधी विरते. दोन्ही हातांनी ताणून बघा, चर्र झालं तर ते कापड गोधडीच्या आतल्या थरात टाका, वरच्या थराला नको. कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर दाबा, रंग उतरला तर ती साडी पांढऱ्याशेजारी लावू नका.

एका नऊवारी लुगड्याची लांबी साधारण आठ मीटर, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार थरांची गोधडी होते. आधी मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधून घ्या, मग कडेपासून सुरू करून धावदोऱ्याने चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे या. टाके वाकडे झाले तर होऊ द्या. हातशिलाईची मजा त्यात आहे, आणि मशीनवर मारलेली गोधडी जरा ताठरच राहते. पहिल्याच वेळी अख्खी गोधडी घेऊ नका, उशीचे दोन अभ्रे करा. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारता येत नसेल तर गोधडीच्या वरच्या कडेला मागून नेफा शिवून घ्या, त्यात पडद्याचा रॉड घाला. खिडकीवर रॉड आधीच असतो, घरमालक काही बोलत नाही.

इरकलीचं अंग सुती, ते विटतं, पण काठ वर्षानुवर्षं टिकतात. ते उसवून साध्या मांजरपाटाच्या पडद्याला लावा. मांजरपाट आधी धुऊन वाळवून घ्या, तो आटतो. मी न धुता शिवला होता, पहिल्या धुण्यात पडदा चार बोटं वर गेला आणि काठ झालरीसारखे गोळा झाले. पैठणी कापू नका, निदान जर तपासून घेतल्याशिवाय. जुन्या जरीत चांदी असू शकते, आणि दारावर जर विकत घ्यायला येणाऱ्याला तुमच्यापेक्षा त्यातलं जास्त कळतं.

शेवटची एक गोष्ट कोकणात गाव असेल तर. घरावरची मंगळुरी कौलं उतरवून पत्रे घालणं जोरात सुरू आहे आणि काढलेली कौलं परड्यात पडून असतात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने 1865 मध्ये मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला. अनेक कौलांवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, तशी शोधा. दोन-अडीच किलोचं एक कौल पुस्तकं अडवायला उत्तम. खाली नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा चिकटवा, नाहीतर फळीवर ओरखडे येतात. मी सहा आणली, एसटीत माझ्या पायांशी ठेवून. कंडक्टरने त्यांचंही तिकीट लावायचं का असं विचारलं.

आजीच्या पाटावर आता वायफायचा डबा असतो. गणपतीत दीड दिवस तो डबा जमिनीवर उतरतो.