ग्रामीण आफ्रिकेत रुग्णालयात दाखल होणारी बहुतेक आजारी मुले मलेरियाचीच असतात का?

नाही, मलेरिया हे मोठे कारण असले, तरी न्यूमोनिया, अतिसार, कुपोषण आणि रक्तातील जंतुसंसर्गही तितकेच महत्त्वाचे असून एकाच मुलात ते अनेकदा एकत्र आढळतात. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथील रुग्णालयात 1998 ते 2002 या काळात दाखल मुलांच्या रक्ताची जंतूंसाठी पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा दगावलेल्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा जीवाणुसंसर्ग झालेला निघाला. त्यात न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक प्रमुख जीवाणू) व साल्मोनेला (आतड्यांतून शिरणारा जीवाणू) ठळक होते. शिवाय अशा प्रदेशात मलेरियाचे परजीवी धडधाकट मुलांच्या रक्तातही सापडतात, म्हणून केवळ त्यांवरून निदान पक्के होत नाही. मात्र हिब (न्यूमोनिया व मेंदूज्वर घडवणारा आणखी एक जीवाणू) व न्यूमोकॉकसच्या लसी नंतर आल्याने हे प्रमाण आज जसेच्या तसे धरू नये. आणि रुग्णालयाच्या नोंदींत घरीच दगावलेली मुले मुळात येतच नाहीत.