अरोराचा व्हिडिओ: जसा नाचतो तसाच टिपायचा तर

सांगलीहून फेब्रुवारीत उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला निघालाय, टाइमलॅप्स (फोटो जोडून वेग वाढवलेला व्हिडिओ) नकोय, डोळ्यांना दिसतो त्याच वेगातला अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात नाचणारा प्रकाश, हवाय, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स चालेल का विचारताय. वेग तोच मिळतो. किट लेन्सच्या भरवशावर मात्र जाऊ नका.

फोटोला शटर ४ सेकंद उघडं ठेवता येतं. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला फार तर १/२५ सेकंद. प्रकाश शंभरपट कमी! नुसता आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, चढवून ही तूट भरायला गेलात तर चित्रात दाणेच दाणे येतात. खरी मदत लेन्सची. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं; एफ २.८ पेक्षा एफ १.४ चौपट प्रकाश आत घेते. म्हणून नवा कॅमेरा घेण्याआधी २० किंवा २४ एमएमची १.४ ची लेन्स भाड्याने घ्या. शटर १/२५ वरच ठेवा, शटर फ्रेमच्या वेगाच्या दुप्पट, म्हणजे १/५०, हा नेहमीचा नियम इथे सोडून द्या. आयएसओ मी १२८०० पासून सुरू करतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ३८०० केल्विनच्या आसपास पक्का करा, ऑटो नको.

फोकस हाताने, ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून, आणि लगेच रिंगवर चिकटपट्टी. माझ्या पहिल्या रात्री हातमोज्याचा धक्का लागून रिंग सरकली आणि सगळ्यात सुंदर दहा मिनिटं धूसर आली. अजून हळहळ वाटते.

सराव इथेच करा. अमावास्येच्या सुमारास ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर या. अंधारात फिरणारी पवनचक्कीची पाती १/२५ ला कशी येतात ते पाहा, तेही हातमोजे घालून, टॉर्च न लावता. बटणं बोटांना पाठ झाली पाहिजेत.

ट्रोम्सोला गेल्यावर सुरुवातीचा फिकट, ढगासारखा राखाडी पट्टा दिसला की रेकॉर्डिंग सुरू करू नका. हिरवा रंग ऑक्सिजनचा, साधारण शंभर किलोमीटर उंचीवरचा. पडद्याला घड्या पडू लागल्या आणि खालच्या काठाला गुलाबी झालर आली, की तो नायट्रोजन. तेव्हा प्रकाश भरपूर असतो. बटण दाबा, कॅमेरा हलवू नका, पडदाच फ्रेममधून पळू दे. हा वेग बघायला तर आपण एवढ्या लांब जातो.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, कारण तेवढा वेळ धीर धरवत नाही.