भिंतीत खापरं निघाली म्हणजे घर हजार वर्षांचं होत नाही
(प्रश्न होता: गावाकडच्या माळवदाची (सपाट मातीच्या छताच्या घराची) भिंत पडली, आत खापरं आणि काचेच्या बांगडीचे तुकडे निघाले. घर किती जुनं असेल?)

खापरं घराचं वय सांगत नाहीत, मातीचं सांगतात. हे वाक्य मी आमच्या काकांना सात वर्षं सांगतोय.

आमचं पण माळवदच, धाराशिव साइडला. पावसात मागची भिंत बसली, ढिगाऱ्यात लाल-काळी खापरं अन् एक निळ्या बांगडीचा तुकडा. झालं, काकांनी गावभर केलं, घर हजार वर्षांचं हाय! मी म्हटलं काका, ही भिंत आज्जानं रचली, पांढरीवरनं, म्हणजे जुन्या ओसाड गावाच्या टेकाडावरनं, बैलगाडीनं माती आणली हे तुम्हीच सांगायचा की. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून सगळे पांढरीचीच माती आणायचे. तिथं शेकडो वर्षं लोक राहिले, घरं पडली, राख-शेण मिसळलं, मग त्यात खापरं येणारच ना? तर म्हणे, चार बुकं शिकला अन् घरच्यांना येड्यात काढायला लागला.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं, आधी ऐसपैस चौकोनी, शेवटी शेवटी छोट्या गोल झोपड्या. घराच्या जमिनीखाली लहान लेकरं पुरलेली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून. पण त्यांनी वय काढलं ते जागच्या थरांवरून, त्यातल्या कोळशाच्या कार्बन चाचणीवरून. गाडीनं आणून ओतलेल्या मातीवरून नाही!

तुम्ही तुळया बघा. लोहाराचे चौकोनी खिळे आहेत का कारखान्यातले गोल. पण लाकडं पण दुसऱ्या पडक्या वाड्यातली असू शकतात, तेव्हा त्यावर पण पैज लावू नका. ग्रामपंचायतीचा जुना उतारा अन् घरातली म्हातारी माणसं, एवढंच खरं.

आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. काकांनी उरलेली 'ऐतिहासिक भिंत' जपायला म्हणून केला, मी नको म्हणत होतो. जमिनीतनं चढलेली ओल मातीच्या भिंतीतून बाहेर पडते, सिमेंटनं ती आतच कोंडली. दुसऱ्या पावसाळ्यात खालचा गिलावा माती धरूनच सुटला, परातीएवढे पोपडे. शेणमातीचं लिंपण दरवर्षी करावं लागतं, कटकट आहे, पण भिंत राहते.

हां, एक राहिलं, दगड-मातीत रचलेली जाड भिंत अन् वर फूट-दोन फूट माती असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. १९९३ च्या भूकंपात किल्लारीत असल्याच घरांखाली माणसं गेली. आमचं पण दाखवायचंय अजून, काका दाखवू देत नाहीत.

बांगडीचा तुकडा शोकेसमध्ये आहे, खाली चिठ्ठी, '१००० वर्षे'.