नदी वाचवायची, तर रोजगार जाणार का?

प्रश्न : प्रदूषणाचे नियम कडक केले, की कारखाने बंद पडून कामगार उघड्यावर येतो, हे खरे आहे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : काही काळ तसे होते, हे मान्य करायला हवे. रंग आणि मीठ मिसळलेले सांडपाणी तमिळनाडूतील नोय्यल नदीत जात असल्याने जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूर या तिथल्या कापड-उद्योगाच्या शहरातील कापड रंगवणारे शेकडो कारखाने बंद झाले आणि रंगवलेल्या कापडावर अवलंबून असलेल्या शिलाई कामगारांनाही त्याची झळ बसली. पुढे पाणी व मीठ पुन्हा वापरणारी सामायिक शुद्धीकरण केंद्रे चालू झाली, तेथे यंत्रचालकांना काम मिळाले. मात्र गेलेली आणि आलेली नोकरी बहुधा एकाच माणसाची नसते. म्हणून बंदीच्या काळातील मजुरीची तरतूद आधीच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.