वॉकमन चालतो, पण वडील म्हणतात आवाज जड येतोय. मला फरक कळत नाही. मोटर बदलू का?

मोटर बदलू नका. वडिलांना आवाज जड वाटतोय ना? मग जडच आहे. आधी बेल्ट बघा, म्हणजे मोटरवरून टेपची चाकं फिरवणारा आतला रबरी पट्टा.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. तिचा मिरजेचा तंबोरा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावून बाबांनी ९० मिनिटांची कॅसेट भरून ठेवली होती. पुढे तंबोरा उचलणं जमेना, तेव्हा वॉकमनला छोटा स्पीकर जोडून ती रियाज करायची. एक दिवस म्हणाली, "तंबोरा उतरलाय." दादा म्हणाला, "कॅसेटमधला तंबोरा कसा उतरेल, आई? वयानं तुझा कान गेलाय." रिपेअरवाल्यानं न उघडताच 'मोटर गेली' म्हणून सांगितलं. आई काही बोलली नाही. पुढचे आठ दिवस तिनं रियाजच केला नाही.

मग मी पेटी काढली. कॅसेट लावून एकेक पट्टी दाबत गेलो. तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, काळी चारऐवजी पांढरी पाचवर सापडला. अर्धा स्वर खाली, म्हणजे वेग जवळपास ६ टक्के कमी. टेप सेकंदाला ४.७६ सेंमी सरकायला हवी, ती साडेचारच सरकत होती. मागचे स्क्रू काढले तर बेल्ट लोंबत होता आणि पुलीवर डांबरासारखा काळा चिकटा. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीनं पुसला, नवा बेल्ट चढवला. कॅसेट लावली तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता लागला बघ."

तुम्ही आधी नवे सेल घालून बघा. रिचार्जेबल नको, ते दीडऐवजी १.२ व्होल्टच देतात. बेल्ट जुन्यापेक्षा किंचित लहान घ्या, जुना ताणलेला असतो. हेड आणि रबरी रोलरही पुसा. मोटरजवळचा स्पीडचा बारीक स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही केसाएवढाच फिरवा. आणि हो, सेल गळून पट्ट्या हिरव्या पडल्या असतील किंवा दातेरी चाक तडकलं असेल, तर यातलं काही उपयोगाचं नाही. नव्या बेल्टवरही जडच वाजला तर मात्र मोटर बघा.

दादा अजूनही म्हणतो, आईचा तो अंदाज होता, लागला इतकंच. पेटी समोर नसताना अर्धा स्वर पकडणं अंदाजानं होत नाही. वडिलांना त्यांच्या पाठ असलेल्या गाण्याची कॅसेट द्या आणि बेल्ट बसवताना शेजारी बसवून घ्या.