डेन्मार्कची जनसंख्या नोंदणी आणि एमएमआर लस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी डेन्मार्कमध्ये राहते. नातवाला एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला यांवरची) लस द्यायची वेळ आली, तेव्हा तेथील लाखो मुलांच्या नोंदी तपासून या लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध नसल्याचे दिसले आहे, असे तिला समजले. मात्र त्या मुलांच्या आईवडिलांची परवानगी घेतलेली नव्हती. हे योग्य आहे का? आणि केवळ नोंदींवरून केलेल्या संशोधनावर विश्वास ठेवावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : विश्वासाचा प्रश्न आधी घेतो, कारण परवानगीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते.

डेन्मार्कमध्ये २ एप्रिल १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला दहा अंकी क्रमांक दिला जातो. जन्म, आईवडील, पत्ता, देश सोडून जाणे, मृत्यू हे सारे या क्रमांकाखाली नोंदले जाते आणि रुग्णालयांच्या नोंदीही तोच क्रमांक वापरतात. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेली ५,३७,३०३ मुले होती, म्हणजे त्या वर्षांत तेथे जन्मलेली जवळजवळ सगळीच. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना लस मिळाली होती. लस टोचल्याचे कळवल्यावरच डॉक्टरांना तिचे पैसे मिळत, त्यामुळे लसीकरणाची नोंद आईवडिलांच्या आठवणीवर अवलंबून नव्हती. लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांच्या दुसऱ्या अभ्यासातही तेच दिसले. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता आहे, अशा मुलांचा त्यात वेगळा विचार केलेला होता. ज्या लेखामुळे १९९८ साली ही भीती जगभर पसरली, तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, हेही येथे सांगायला हवे.

अशा नोंदींत सारेच सापडते असे नाही. घरातले खाणेपिणे किंवा वडिलांचे धूम्रपान त्यांत बहुधा नसते आणि आजाराची तारीख म्हणजे निदान झाल्याची तारीख असते. तरीही प्रश्न लशीचा असेल, तर कोणीही न वगळलेली नोंद हाच सर्वांत भक्कम आधार आहे.

परवानगीचे उत्तर येथेच आहे. प्रत्येक कुटुंबाला विचारले असते, तर ज्यांना लशीची भीती होती त्यांनीच अधिक संख्येने नकार दिला असता आणि ज्या मुलांची तुलना करायची तीच अभ्यासातून गळाली असती. म्हणून केवळ नोंदींवर आधारलेल्या संशोधनासाठी डेन्मार्कचा कायदा व्यक्तिगत संमती मागत नाही, आणि मला ते योग्य वाटते. परंतु ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या माहितीची राखण करण्याची शासनाची जबाबदारी त्यामुळे कित्येक पटींनी वाढते. साधारणपणे संशोधकांना नाव किंवा मूळ क्रमांक दिला जात नाही, त्याऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. डेन्मार्कच्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या सुरक्षित संगणकांवरच काम करावे लागते आणि बाहेर नेता येतात ते केवळ एकत्रित आकडे. ही व्यवस्था चांगली आहे, पण अभेद्य नाही. २०१५ मध्ये सुमारे ५२.८ लाख लोकांची आरोग्यविषयक माहिती असलेल्या दोन सीडी, ओळख क्रमांकांसह आणि सांकेतिक रूपात न बदलता (एन्क्रिप्ट न करता), टपालाने सांख्यिकी संस्थेकडे धाडण्यात आल्या आणि चुकून कोपनहेगनमधील चिनी व्हिसा केंद्रात पोहोचल्या. तेथील कर्मचाऱ्याने पाकीट योग्य ठिकाणी नेऊन दिले, तरी अशी चूक मला अक्षम्य वाटते. आपल्या मुलीने लशीविषयी निश्चिंत राहावे. माहितीच्या सुरक्षेविषयी मात्र प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : महाराष्ट्रात असे काही आहे का? – तेच वाचक

उत्तर : सर्व आजारांसाठी नाही, कर्करोगासाठी काही भागांत आहे. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित (म्हणजे एका रुग्णालयापुरती नव्हे, तर त्या भागातील सर्व रहिवाशांची) कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ मध्ये पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. सर्व नोंदींना जोडणारा एकच क्रमांक हाताशी नसल्याने नाव, वय आणि पत्ता यांवरून रुग्णालयातील नोंद मृत्यूच्या नोंदीशी जुळवावी लागते आणि हे काम अतिशय चिकाटीचे आहे. बार्शीत तर रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणे असलेल्या माणसांचा शोध घेऊ लागले.